अंगणातला सोलर दिवा पेटत नाही? फेकण्याआधी या क्रमाने तपासा

पाऊस संपला, गणपती झाले, की आमच्याकडे सोलर दिवे दुरुस्तीला यायला सुरुवात होते. जमिनीत खोचायचे छोटे दिवे, भिंतीवरचे सेन्सरचे दिवे, तुळशीभोवतीच्या माळा. आणणारा प्रत्येक जण सांगतो की दिवा गेला. उघडून बघितलं की बहुतेक दिव्यांत तेच चार-पाच दोष निघतात आणि त्यातले निम्मे पैसे न खर्चता जातात. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी लक्षणं बघा, कारण कुठून सुरुवात करायची ते त्यांवरून ठरतं.

- दिवा अजिबात पेटत नाही.
- तिन्हीसांजेला पेटतो, पण जेवणं व्हायच्या आत विझतो.
- पेटतो, पण उजेड मिणमिणता.
- लुकलुकतो, सारखा चालू-बंद होतो.
- भर दिवसाही पेटलेला दिसतो.
- नवा सेल घातला की एक-दोन रात्री चालतो, मग पुन्हा बंद.
- सेन्सरचा दिवा माणूस समोर आला तरी पेटत नाही, किंवा कोणी नसताना रात्रभर पेटत राहतो.
- काचेच्या आत वाफ धरली आहे किंवा पाण्याचे थेंब दिसतात.

आता तुमचा दिवा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, कारण पुढची निम्मी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. जमिनीत खोचायच्या छोट्या दिव्यात बहुधा १.२ व्होल्टचा एकच रिचार्जेबल सेल असतो. दिसायला तो घड्याळाच्या किंवा रिमोटच्या सेलसारखाच. भिंतीवरच्या सेन्सरच्या दिव्यात ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी असते, बहुतेक वेळा टॉर्चमध्ये असते तशी गोल, १८६५० आकाराची. खांबावरच्या मोठ्या दिव्यांत ३.२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी असू शकते. या तिन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत. का, ते पुढे येईल.

पैसे न लागणारी तपासणी

सर्वांत आधी बटण. छोट्या दिव्यांचं बटण टोपीच्या खालच्या बाजूला असतं. माती काढताना, झाडांना पाणी घालताना हात लागून ते सरकतं. नवाकोरा दिवा पेटत नसेल तर सेल आणि पत्रीच्या मध्ये प्लॅस्टिकची चिंधी असते, ती ओढून काढायची राहिली आहे का बघा. बऱ्याच छोट्या दिव्यांत हे बटण थेट सेलच्या वाटेवर असतं. बटण बंद असेल तर सेल चार्जही होत नाही. दिवा उन्हात ठेवायचा, पण बटण बंद करून, असं केलं तर तो कितीही दिवस ठेवला तरी भरणार नाही. चार्जिंग करतानाही बटण चालूच ठेवा.

सेन्सरच्या दिव्यांना बहुतेक तीन मोड असतात: माणूस आला की पेटणारा, मंद राहून माणूस आला की प्रखर होणारा आणि रात्रभर पेटणारा. एकच बटण दाबत गेलं की मोड बदलतो. तिसऱ्या मोडवर बॅटरी लवकर संपते आणि दिवा बिघडला असं वाटतं. पहिल्या मोडवर आणून दोन रात्री बघा.

मग पॅनल झाका. जाड कापड किंवा तळहात पॅनलवर पूर्ण ठेवा आणि पाच-दहा सेकंद थांबा. दिवा पेटला तर सेल, सर्किट आणि एलईडी ठीक आहेत. त्याला फक्त अंधार मिळत नाही. छोट्या दिव्यांना वेगळा अंधाराचा सेन्सर नसतो. पॅनलमधून व्होल्टेज यायचं थांबलं की रात्र झाली, एवढंच सर्किटला कळतं. रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या गॅलरीतला बल्ब, अगदी समोरचा दुसरा सोलर दिवासुद्धा पॅनलवर पुरेसा उजेड टाकू शकतो. लुकलुकण्याचं एक कारणही हेच आहे: दिव्याचा स्वतःचाच उजेड पांढऱ्या भिंतीवरून परत पॅनलवर पडतो, दिव्याला वाटतं दिवस उजाडला, तो विझतो, अंधार होतो, पुन्हा पेटतो. दिवा वीतभर सरकवला किंवा वळवला की हे थांबतं.

पॅनल पुसा, आणि ऊन कुठे आहे ते बघा

शेजारच्या काकूंनी एकदा भिंतीवरचा दिवा काढून आणला. "अगं, तीन महिन्यांत मेला बघ. दुकानदारानं फसवलं."

"काकू, थांबा जरा. आधी पुसून तरी बघू."

पॅनलच्या एका कोपऱ्यात कावळ्याची वाळलेली शीट होती आणि बाकी सगळ्यावर लाल मातीचा पातळ थर. एवढंच. पॅनलच्या आतल्या पट्ट्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांतली एक झाकली गेली तर बाकीच्यांतून येणारा करंटही अडतो. म्हणून कोपऱ्यातला एवढासा डागसुद्धा पॅनलचं काम फार कमी करतो. भांड्यांच्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरेसं आहे. तारेची घासणी लावू नका. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग असतील तर लिंबू चोळून स्वच्छ पाण्याने धुवा. ज्या घराजवळ रस्त्याचं काम किंवा चिऱ्याची खाण आहे, तिथे दर पंधरवड्याला पुसावंच लागतं.

पुसून झाल्यावर पॅनल जवळून बघा. काच असेल तर चिंता नाही. स्वस्त दिव्यांत काचेऐवजी पारदर्शक रेझिन ओतलेलं असतं आणि आपल्या उन्हात ते दीड-दोन वर्षांत पिवळट, धुरकट होतं. त्यावर उपाय आहे. १००० नंबरचा, मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून हलक्या हाताने गोल फिरवा, पुसा, वाळवा आणि पारदर्शक लॅकरचा किंवा रंगहीन नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या. पॅनल पुन्हा बऱ्यापैकी चालतं. पण रेझिनला जाळीसारख्या बारीक भेगा पडून आतल्या पट्ट्या तपकिरी झाल्या असतील तर पाणी आत पोहोचलं आहे. त्या पॅनलवर वेळ घालवू नका.

आता उन्हाचा हिशेब. हा भाग लोक वगळतात आणि मग उगाच सेल बदलत बसतात.

छोट्या दिव्याचं पॅनल साधारण २ व्होल्टचं असतं आणि कडक उन्हात ४० मिलिअँपिअरच्या आसपास करंट देतं. हिवाळ्यात आपल्याकडे पाच तास चांगलं ऊन धरलं तर २०० एमएएच झाले (मिलिअँपिअर गुणिले तास, सेलमध्ये किती भरलं त्याचं माप). सेलमध्ये भरताना त्यातला पाव-एक हिस्सा वाया जातो. उरले १५०. दिवा सेलमधून २० मिलिअँपिअर घेत असेल तर सात-साडेसात तास चालेल. म्हणजे सगळं व्यवस्थित असतानाही हा दिवा पहाटेपर्यंत पुरत नाही आणि तो त्याचा दोष नाही. दाट मळभ असलेल्या दिवशी हाच करंट दहाव्या हिश्शावर येऊ शकतो. मग रात्री दिवा अर्धा-पाऊण तास चालला तरी पुष्कळ. जुलैच्या झडीत कोकणात किंवा घाटमाथ्यावर सोलर दिवा विझला तर काहीही उघडू नका. चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबा.

दुसरी गोष्ट दिशेची. पॅनल दक्षिणेकडे हवं, हे सगळ्यांना पाठ आहे, आणि वर्षातले बहुतेक महिने ते खरंही आहे. पण आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, कोकणात आधी आणि विदर्भात शेवटी. त्यानंतर साधारण जुलै उलटेपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला असतो. भिंतीवर उभं बसवलेलं दक्षिणमुखी पॅनल असेल, वर पत्र्याची वळचण असेल, तर त्या दिवसांत दुपारचं थेट ऊन त्याला मिळतच नाही. तोच दिवा डिसेंबरात मस्त चालतो, कारण तेव्हा मुंबई-रत्नागिरीकडे दुपारचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो आणि ऊन वळचणीखाली शिरतं. "हिवाळ्यात चालतो, उन्हाळ्यात बंद पडतो" अशी तक्रार आली की मी दिवा हातात घेण्याआधी तो कुठे लावला आहे ते विचारते. वेगळ्या वायरवरचं पॅनल असेल तर ते भिंतीवरून काढून गडग्यावर किंवा पत्र्यावर, जवळजवळ आडवं पण पाणी निथळेल इतकं कललेलं ठेवा.

सेन्सरचं वेगळं दुखणं

सेन्सर माणसाला बघत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची, जमिनीची उष्णता यांतला फरक सरकला की तो जागा होतो. त्यामुळे नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात रात्री आठ वाजता भिंती तापलेल्या असताना तो दोन-तीन मीटरवर आल्याशिवाय ओळखत नाही. हा बिघाड नाही, रात्र निवली की पल्ला वाढतो. सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येणाऱ्यापेक्षा समोरून आडवं जाणारं माणूस त्याला लवकर कळतं, म्हणून दिवा दाराच्या समोर लावण्यापेक्षा वाटेच्या कडेला लावा.

उगाच पेटत असेल तर आधी पांढऱ्या घुमटावरचं कोळ्याचं जाळं काढा. घुमटावर फिरणारी पाल, मांजर, तापलेल्या भिंतीसमोर हलणारी केळीची पानं, ही नेहमीची कारणं. दिवा रात्रभर असा पेटत राहिला की बॅटरी पहाटेच्या आत संपते आणि तक्रार येते ती बॅटरीची.

पंधरा रुपयांची चाचणी

इथवर काही सापडलं नाही तर छोट्या दिव्याची टोपी उघडा. दोन-चार बारीक स्क्रू असतात. आतला सेल काढा. दुकानातून त्याच आकाराचा साधा, न भरणारा सेल आणा, अंधाऱ्या खोलीत दिव्यात घाला, पॅनल झाका. दिवा लख्ख पेटला तर सर्किट आणि एलईडी ठीक आहेत. दोष सेलमध्ये किंवा पॅनलमध्ये आहे. पेटला नाही तर दोष पत्र्यांत, तारांत किंवा सर्किटमध्ये.

चाचणी झाली की तो साधा सेल लगेच काढा. दिव्यात राहू देऊ नका. दिवसा पॅनल त्याला चार्ज करायला बघतं, साधा सेल चार्ज होण्यासाठी बनलेला नसतो, तो फुगतो, गळतो आणि आतल्या पत्र्या खाऊन टाकतो. स्वस्तात काम होतं म्हणून साधे सेल घालून ठेवलेले आणि त्यामुळे कायमचे गेलेले दिवे मी सतत बघते. याचं वाईट वाटतं, कारण तेवढ्याच पैशांच्या जरा पुढे गेलं असतं तर दिवा वाचला असता.

घरी सेल चार्जर असेल तर आणखी सोपं आहे. दिव्यातला जुना सेल त्यात रात्रभर भरा आणि परत घाला. दिवा रात्री चांगला सहा-सात तास चालला, पण पुढच्या रात्री पुन्हा लवकर विझला, तर सेल ठीक आणि पॅनलकडून चार्जिंग होत नाही. भरूनही तासाभरात विझला तर सेल गेला.

सेल बदलताना

स्वस्त सोलर दिव्याचं आयुष्य म्हणजे मुळात त्याच्या सेलचं आयुष्य. हा सेल रोज भरतो आणि रोज रिकामा होतो, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत त्याची धारणा निम्म्यावर येते. पावसाळ्यात तो अर्धवट भरून पूर्ण रिकामा होत राहतो, त्याने आणखी लवकर म्हातारा होतो. एलईडी आणि पॅनल त्याच्या कितीतरी पुढे टिकतात.

मल्टिमीटर असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दिवसभर उन्हात राहिलेल्या दिव्यातला सेल संध्याकाळी मोजा. १.३ च्या आसपास दाखवला तर छान. १.० च्या खाली असेल तर एकतर सेल मेला आहे किंवा त्याच्यापर्यंत काही पोहोचलंच नाही.

दुकानात "रिचार्जेबल, निकेल मेटल हायड्राइड, १.२ व्होल्ट" असं सांगून मागा आणि जुना सेल सोबत न्या. काही दिव्यांत नेहमीच्या लांबीच्या दोन तृतीयांश, बुटका सेल असतो, तो साध्या दुकानात मिळत नाही. क्षमता ६०० एमएएचची पुरे. २००० चा महागडा सेल घालून दिवा जास्त वेळ चालत नाही, कारण वरचा हिशेब आठवा: पॅनल दिवसाला १५०-२०० च्या वर भरतच नाही. नवा सेल घातला की त्यावर बारीक मार्करने महिना-वर्ष लिहून ठेवा. पुढच्या वेळी अंदाज बांधायची गरज पडत नाही.

पाणी आत कसं जातं

पावसात पाणी गेलं, असं सगळे म्हणतात. पाऊस थेट आत जाण्याइतकंच आणखी एक कारण आहे. दिवसा उन्हात डब्यातली हवा तापून प्रसरण पावते आणि फटींतून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, डबा एकदम थंड झाला, की आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा, कधी फटीवर साचलेलं पाणीच, आत ओढून घेते. रोज थोडं थोडं. आठवडाभरात काचेला वाफ धरते आणि महिनाभरात तांब्याच्या पट्टीवर हिरवा कळंक चढतो. किनाऱ्यावर, मालवण-वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत, त्या हवेत मीठही असतं, म्हणून तिथे हेच काम दुप्पट वेगाने होतं.

उघडल्यावर काय दिसतं ते सांगते. सेलच्या स्प्रिंगच्या तळाशी तपकिरी गंज, ऋण टोकावर पिठासारखी पांढरी भुकटी, आणि बटणाच्या तीन पायांमध्ये हिरवट ओल. भुकटी सेलमधून गळलेल्या अल्कलीची आहे, ती हाताला लागू देऊ नका. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस जुन्या टूथब्रशने लावा, घासा, ओल्या फडक्याने पुसून घ्या. स्प्रिंगवरचा गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत काढा. मग दिवा उघडाच एक दिवस उन्हात वाळवा. एवढ्यावर बरेच दिवे उठतात.

बटण गंजून गेलं असेल तर ते दुरुस्त करण्यात अर्थ नाही. त्याच्या दोन वापरातल्या पायांमध्ये तारेचा तुकडा सोल्डर करा, दिवा कायम चालू राहील आणि पाणी शिरायची एक जागा कमी होईल.

तारा ओढून बघा, हलक्या हाताने. पॅनलपासून येणाऱ्या दोन तारा केसासारख्या असतात आणि सोल्डरच्या टोकाशी तुटतात. दिवसाही पेटणारा दिवा आणि नवा सेल घातल्यावर एक-दोन रात्रीच चालणारा दिवा, या दोन्ही लक्षणांचं मूळ बहुधा इथेच असतं. पॅनलची तार तुटली की सर्किटला कायम रात्र वाटते, दिवा दिवसरात्र जळतो, सेल रिकामा होतो आणि पुन्हा भरत नाही. तुटलेलं टोक सोलून डाग द्या. सोल्डर तारेला धरतच नसेल तर ती वरून तांब्यासारखी दिसणारी, आतून ॲल्युमिनियमची तार आहे. तिच्या जागी जुन्या चार्जरमधली तांब्याची तार वापरा.

बंद करताना फटींना सिलिकॉन लावा, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. त्यातून ॲसिड सुटतं आणि तांबं खातं. दुकानात "न्यूट्रल" म्हणून वेगळं मिळतं, ते घ्या. वरचे आणि बाजूचे सांधे बंद करा. तळाला बारीक भोक असेल तर ते उघडं ठेवा, आत आलेली वाफ तिथून निघून जाते. सगळीकडून लिंपलेला दिवा आतल्या आत कुजतो. दिवा पागोळीच्या धारेखाली असेल तर हातभर बाजूला घ्या. पेटीवर आयपी ४४ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ शिंतोडे चालतील, धार नाही. धारेसाठी आयपी ६५ हवं.

पॅनल आणि सर्किट

भर उन्हात, सेल काढून, पॅनलच्या दोन टोकांवर मीटर लावा. छोट्या दिव्यात २ व्होल्टच्या आसपास, सेन्सरच्या दिव्यात ५-६ व्होल्ट मिळायला हवेत. पण नुसतं व्होल्टेज फसवतं, अशक्त पॅनलही ते दाखवतं. म्हणून मीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवून छोट्या पॅनलचा करंटही बघा. कडक उन्हात पाच-दहा मिलिअँपिअरच येत असतील तर पॅनल गेलं. मोठ्या पॅनलसाठी मीटरचं १० अँपिअरचं भोक वापरा. अशा प्रकारे करंट कधीही बॅटरीवर मोजू नका. पॅनल ते सहन करतं. बॅटरीवर तोच शॉर्ट सर्किट होतो.

छोट्या दिव्याचं सर्किट म्हणजे चार पायांची एक चिप, बहुतेक वायएक्स ८०१८ किंवा क्यूएक्स ५२५२ जातीची, आणि रेझिस्टरसारखी दिसणारी एक कॉइल. सेलचे १.२ व्होल्ट वाढवून एलईडीला लागणारे ३ व्होल्ट तयार करायचं काम या दोघी करतात. पाय गंजून तुटले असतील तर चिप बदलता येते, ती स्वस्तात मिळते आणि मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत लावतो. पण त्याची मजुरी नव्या दिव्याच्या किमतीला पोहोचत असेल तर करू नका. हा दिवा सुट्या भागांसाठी ठेवा. त्याची काच, दांडी, पॅनल दुसऱ्याला उपयोगी पडतं.

लिथियम असेल तर हात सावरून

सेन्सरच्या दिव्याची बॅटरी मोजताना हे आकडे लक्षात ठेवा: ३.७ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की ४.२ दाखवते, ३.२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट ३.६ च्या आसपास. सर्किट त्या-त्या आकड्याला चार्जिंग थांबवतं. ३.२ वाल्या दिव्यात ३.७ ची बॅटरी घातली तर ती कधीच पूर्ण भरणार नाही. उलट केलं, म्हणजे ३.७ च्या दिव्यात फॉस्फेटची घातली, तर ती क्षमतेबाहेर भरत राहील. बॅटरीच्या वेष्टनावरचा आकडा वाचल्याशिवाय बदलू नका.

बाजारात ९९०० एमएएच लिहिलेल्या १८६५० बॅटऱ्या सर्रास मिळतात. या आकारात खऱ्या चांगल्या बॅटरीची क्षमता ३५०० च्या आसपास थांबते, त्यामुळे तो आकडा खोटा आहे हे धरूनच चाला. वजन बघा: खरी साधारण ४५ ग्रॅम भरते. बरीच हलकी लागली तर घेऊ नका. बॅटरीच्या टोकांना पत्र्या जोडलेल्या असतील तर थेट बॅटरीवर सोल्डर मारू नका, उष्णतेने आतला पडदा वितळू शकतो. ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे स्पॉट वेल्डिंगचं यंत्र असतं, त्याच्याकडून पत्र्या लावून घ्या.

आणि उन्हाळा. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज होऊ नये. पश्चिमेच्या भिंतीवर, काळ्या डब्यात, पॅनलच्या पाठीला चिकटलेली बॅटरी मे महिन्यात त्याच्या वर सहज जाते. कोकणात दिवे पाण्याने जातात, मराठवाड्या-विदर्भात उष्णतेने. तिकडे पॅनल वेगळ्या वायरवर असलेला दिवा घ्या आणि दिवा सावलीत लावा.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली असेल, दाबली गेली असेल, गोडसर केमिकलचा वास येत असेल, किंवा मीटरवर २ व्होल्टच्या खाली गेली असेल तर तिला पुन्हा चार्ज करून बघू नका. कोणी युक्ती सांगितली तरी नाही. घराबाहेर, मोकळ्या जागी, धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात कोरड्या वाळूत ठेवा.

खांबावरचा दिवा, गच्चीच्या कठड्याबाहेरचा दिवा, जवळून महावितरणची तार जाते असा दिवा, यांना स्वतः शिडी लावू नका. लोखंडी शिडी तर नाहीच. लाइनमनला सांगून पुरवठा बंद करून घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून काम करवा. ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने बसवलेल्या दिव्यांना देखभालीचा करार असतो. तिथे लेखी तक्रार द्या, उघडू नका, नाहीतर वॉरंटी जाते. घरात १२ व्होल्टची मोठी ॲसिडची बॅटरी असलेली सोलर यंत्रणा असेल तर वरचं काहीही तिला लागू नाही. तिच्या दोन टोकांवर पाना पडून ती शॉर्ट झाली तर पाना तापून लाल होतो. तिथे जाणकारच हवा. दिव्याला विजेचंही कनेक्शन असेल, म्हणजे सोलर आणि २३० व्होल्ट दोन्ही, तरी तेच.

आणि ज्या दिव्याचं पॅनल भेगाळलंय, सर्किटवर कळंक चढलाय आणि डबा बोटाने दाबला तरी तडकतो, तो सोडून द्या. नवा घेताना स्क्रू उघडून बॅटरी बदलता येते का, पॅनलवर काच आहे का, एवढं दुकानातच बघा. चिकटवून बंद केलेला दिवा कितीही सुंदर असला तरी त्याचं आयुष्य आतल्या सेलएवढंच.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने दिवे बाहेर ठेवण्याचा हट्ट नसेल तर मृगाआधी ते आत घ्या. छोट्या दिव्यांतले सेल काढून, भरून, कोरड्या डब्यात ठेवा. लिथियमवाले बटण बंद करून, बॅटरी साधारण निम्मी भरलेली असताना ठेवा. काढून टाकलेल्या बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शहरात ई-कचरा केंद्र असतं. गावात नसेल तर टोकांना चिकटपट्टी लावून एका डब्यात साठवा आणि तालुक्याला जाताना घेऊन जा.